सर अलेक्झांडर फ्लेमिंग

सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म स्कॉटलंडांतील एका शेतकरी कुटुंबांत ६ ऑगस्ट १८८१ रोजीं झाला. बाळपणींच पितृछत्र हरपलें. कांहीं वर्षें जहाजकंपनीच्या कचेरींत कारकुनी केल्यावर लंडन येथील सेंट मेरीज रुग्णालयांत त्यांनीं वैद्यकीचें शिक्षण घेतलें.

पहिल्या महायुद्धांत जखमा चिघळून तरुण सैनिक मरतांना त्यांनीं पाहिले. १९२८ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेंतील जंतूंच्या एका बशींत बुरशी वाढली व तिच्या भोंवतालचे जंतु नष्ट झाले. दुसऱ्या कोणीं ती बशी फेंकून दिली असती. फ्लेमिंग यांनीं तिचा शोध घेतला व पेनिसिलिन जगास मिळालें. फ्लोरी व चेन यांनीं तें उपयोगांत आणलें. १९४५ सालीं तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु त्या प्रसंगींच्या व्याख्यानांतच फ्लेमिंग यांनीं इशारा दिला, कीं अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषधास सरावतात. लंडनच्या एका रुग्णालयांत पेनिसिलिनास न जुमानणाऱ्या पूजनक जंतूंचें प्रमाण १९४६ सालीं शेंकडा १४ होतें, तें १९४८ सालीं ५९ झालें.

११ मार्च १९५५ रोजीं ते निवर्तले. आदल्याच वर्षीं आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला होता. विद्यार्थिमित्रांनो, रुग्णास भेटण्यापूर्वीं व भेटल्यावर हात धुवावे. वैद्याच्या सल्ल्यावांचून असें औषध घेऊं नये आणि घेतल्यास मध्येंच सोडूं नये. फ्लेमिंग यांचें ऋण फेडण्याचा हाच मार्ग होय.