दातांना शास्त्रात स्थान देणारा शल्यविशारद

माणसाच्या कायमच्या बत्तीस दातांची विभागणी आज शालेय पुस्तकातही आढळते : आठ पटाशीचे दात, चार सुळे, आठ उपदाढा आणि बारा दाढा. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मात्र दात उपटणे हे बहुधा न्हाव्याचे वा लोहाराचे काम मानले जाई. या दुर्लक्षित अवयवाला शास्त्रीय अभ्यासात स्थान मिळवून देणाऱ्यांमध्ये जॉन हंटर यांचे नाव अग्रभागी आहे.

स्कॉटलंडमधील शेतकरी कुटुंबात १७२८ साली जन्मलेल्या हंटर यांचे मन शाळेत कधी रमले नाही. १७४८ मध्ये ते लंडनला थोरले बंधू विल्यम यांच्या शरीररचना विद्यालयात आले आणि शवविच्छेदनात पारंगत झाले. पुढे लष्करात शल्यविशारद म्हणून सेवा करून १७६३ साली परतल्यावर उत्पन्न तुटपुंजे होते. त्यामुळे त्यांनी जेम्स स्पेन्स या दंतवैद्यासमवेत काम सुरू केले. या सहवासातून १७७१ साली मानवी दातांच्या नैसर्गिक इतिहासावरील त्यांचा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला.

दातांचे आकार व कार्य पाहून हंटर यांनी त्यांचे वर्ग पाडले. सुळ्यांना एक टोक, तर उपदाढांना दोन टोके असतात, यावरून त्यांनी दिलेली नावे इंग्रजी दंतवैद्यकात रूढ झाली. जबडा मागील बाजूने वाढतो, हेही त्यांनी दाखवून दिले. दुधाच्या दाढांच्या जागी उपदाढा येतात. कायमच्या दाढांना मात्र या मागच्या वाढीतूनच जागा मिळते. ती अपुरी पडली की अक्कलदाढ अडकते.

या कार्याला एक काळी बाजूही होती. हंटर यांनी माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला. तो तेथे रुजल्याचे पाहून जिवंत माणसाचा दात दुसऱ्याच्या जबड्यात बसवण्याच्या पद्धतीचा त्यांनी पुरस्कार केला. परके ऊतक शरीर नाकारते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. धनिकांच्या हास्यासाठी गरिबांची मुले चार पैशांकरिता निरोगी दात विकू लागली. असे दात फार काळ टिकत नसत आणि त्यांच्यावाटे रोगसंसर्गाचाही धोका असे. टॉमस रोलँडसन यांनी १७८७ साली व्यंगचित्रातून या व्यवहारावर कोरडे ओढले. पुढे ही प्रथा मागे पडली.

देवीच्या लसीचे जनक एडवर्ड जेन्नर हे हंटर यांचेच शिष्य. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील बैठकीत वाद झाला आणि तेथेच हंटर यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह ब्रिटिश सरकारने १७९९ मध्ये पंधरा हजार पौंडांना विकत घेतला. १९४१ च्या बाँबहल्ल्यात त्यातील मोठा भाग नष्ट झाला. मात्र कोंबड्याच्या तुऱ्यातील तो दात बचावला. जिज्ञासेला विवेकाची जोड नसली तर तिची किंमत दुबळ्यांनाच मोजावी लागते, याचीही तो साक्ष देतो.