ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध करून ज्यांनी ते मराठी ख्रिस्ती जनांच्या मुखी घातले, ते फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होते. इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात, बुश्टन या खेड्यात त्यांचा जन्म झाला. एलिझाबेथ राणीच्या अमदानीत त्या देशी कॅथलिक धर्म पाळणे संकटाचे झाले होते. तरुण थॉमसने मायभूमी सोडून रोम गाठले व इ. स. १५७५ मध्ये येशूसंघात प्रवेश केला. ता. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज ता. २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. हिंदुस्थानात वास्तव्यास आलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहास त्यांचे नाव घेतो.

गोव्यास उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांस पत्र लिहिले. समुद्रप्रवास मोठा खडतर होता, एवढे लिहून ते थांबले असते तर ते पत्र आज कोणी वाचले नसते. परंतु त्यांनी उडत्या माशांची हकीकत लिहिली. पाण्यात मोठा मासा पाठीस लागतो म्हणून तो दुबळा जीव पंख पसरून वर उडतो, तो हवेत टपून बसलेला पक्षी त्यास धरतो. या लहानशा चित्रात समुद्रावरील जीविताची सारी भयानकता आली आहे. पत्राच्या अखेरीस माडाचा व नारळाचा उल्लेख येतो. वस्तू पाहावी, तिचे नाव घ्यावे व तिच्याकडूनच अर्थ वदवावा, ही कवीची दृष्टी त्यांच्यापाशी प्रथमपासूनच होती.

पुढील सुमारे ४० वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी प्रांतात सेवा केली. कोकणी व मराठी या दोन्ही भाषा त्यांनी आत्मसात केल्या. या देशीच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, हे त्यांनी इ. स. १५८३ मध्येच आपल्या भावास कळविले होते. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मरणानंतर, इ. स. १६४० मध्ये, रायतूर येथे छापले गेले.

ख्रिस्तपुराणाचा उगम एका मागणीत आहे. पोर्तुगीज अमलात नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती. त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास काही द्यावे, अशी विनंती एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने केल्याचा प्रसंग ग्रंथारंभीच आला आहे. ज्याचे गाणे गेले, त्याचे अंतःकरण केवळ प्रश्नोत्तरीने भरत नाही, हे या परदेशी धर्मगुरूने ओळखले. पहिले पुराण व दुसरे पुराण मिळून दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ इ. स. १६१६ मध्ये रायतूर येथे प्रसिद्ध झाला.

पहिल्या पुराणाच्या पहिल्याच अवस्वरात मराठी भाषेची स्तुती आहे. ती अनेकांस मुखोद्गत असते. पण तिची गोडी कशात आहे, हे थोडे थांबून पाहू. भाषा सुंदर आहे, थोर आहे, अशी नुसती विशेषणे कोणीही लावील. फादर स्टीफन्स तसे करीत नाहीत. ते प्रत्येक वेळी वस्तूंचा एक समुदाय आपणांपुढे मांडतात व त्यांतील एकीवर बोट ठेवतात. खड्यांत रत्न, फुलांत मोगरी, सुगंधांत कस्तुरी, पाखरांत मोर, वृक्षांत कल्पतरू. रत्न व मोर डोळ्यांस दिसतात, मोगरी व कस्तुरी घ्राणेंद्रियास जागे करतात. तांदूळ निवडताना हाताला हरळ लागली आहे, त्या गृहिणीला खड्यांतले रत्न वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मोगरी त्यांनी अंगणात पाहिली असेल, परंतु कल्पतरू कोणी पाहिला आहे? तो श्रोत्यांच्या जुन्या कथांत वाढलेला वृक्ष. म्हणजे या कवीने आपल्या लोकांचे अंगण पाहिले, तशाच त्यांच्या कथाही ऐकल्या होत्या. शिवाय, खड्यांची उपमा सोडली, तर इतर भाषांना येथे कमीपणा नाही. मोगरी श्रेष्ठ, तरी बाकीचीही फुलेच आहेत. मोर श्रेष्ठ, तरी बाकीचीही पाखरेच आहेत. शेवटी राशी, रवी व शशी यांकडे नेऊन ते आपली दृष्टी भूमीवरून आकाशाकडे वळवितात. प्रेम आहे, पण द्वेष नाही, हे त्या उपमांनीच सांगितले आहे. निराळ्या उपदेशाची गरज उरत नाही.

हीच दृष्टी त्यांच्या भाषेतही दिसते. शुद्ध मराठी सामान्य जनांस कळणार नाही, म्हणून पूर्वीच्या कवींचे अवघड शब्द टाकून ठिकठिकाणी कोकणीतील सोपे शब्द घातल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. पांडित्य दाखविण्याचे सामर्थ्य असून ते आवरणे, हा त्यांचा खरा विनय होय.

इ. स. १६१९ मध्ये गोव्यात त्यांचे देहावसान झाले. पुढे इ. स. १६८४ मध्ये लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम निघाला. पुराणाच्या तीन आवृत्त्या सतराव्या शतकात निघाल्या होत्या. त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तरला तो हाताने उतरून घेणाऱ्यांमुळे व गाणाऱ्यांमुळे. अशाच हस्तलिखितांवरून इ. स. १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची रोमन लिपीतील आवृत्ती निघाली, व इ. स. १९५६ मध्ये तो देवनागरीत छापला गेला.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, राजाज्ञेने जी भाषा मेली नाही, ती आपल्या आळसाने मरू शकते. ज्या मुलाला मोगरीचे नाव ठाऊक नाही, त्याला त्या ओवीचा सुगंध कोठून येणार? या महोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने सायंप्रार्थनेनंतर ख्रिस्तपुराणातील पाच ओव्या मोठ्याने वाचाव्यात, व तीत आलेल्या एकेका वस्तूविषयी मुलांशी बोलावे. साता समुद्रांपलीकडून आलेल्या त्या धर्मगुरूचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही. प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.