वाघासमोर कुठली रायफल? जिम कॉर्बेटच्या हातातली हत्यारं

गेल्या हिवाळ्यात जुन्नरजवळ पहाटे आमच्या बाईकसमोरून बिबट्या रस्ता ओलांडून उसात गेला. माझ्याकडे १०८ मेगापिक्सेलचा फोन होता, ईएमआय अजून चालू आहे. तो होता बॅगेत. मागे बसलेल्या मित्राच्या हातात त्याचा पाच वर्षं जुना फोन होता, त्याने फोटो काढला. हललाय, पण शेपटी नीट दिसते. घरी येऊन मी जिम कॉर्बेट पुन्हा वाचायला घेतला, आणि यावेळी वाघांपेक्षा माझं लक्ष त्याच्या रायफलींकडेच जास्त गेलं.

आधीच सांगतो, हा शिकारीला प्रोत्साहन देणारा लेख नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे वाघाची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. पण एका माणसाने आयुष्यभर जीव पणाला लावून हत्यारं कशी निवडली, ही गोष्ट स्पेसिफिकेशनचे तक्ते वाचत बसणाऱ्या आपल्यासारख्यांना कळायला हवी असं मला वाटतं.

कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. जिम लहान असतानाच ते गेले. मोठं कुटुंब, बेताचा पैसा. उन्हाळ्यात नैनिताल, थंडीत खाली कालाढुंगी. पोराचा सगळा वेळ जंगलात जायचा. आधी गलोल, मग धनुष्यबाण आणि मग हातात आली एक जुनी ठासणीची दुनळी बंदूक. तिची उजवी नळी जास्त दारू ठासल्याने फाटलेली होती आणि नळ्या नि दस्ता पितळी तारेने एकत्र बांधलेले होते. म्हणजे दोन बारांतला एकच चालणार, आणि तो उडाला की परत दारू ठासत बसायचं. अशा बंदुकीने माणूस एक गोष्ट पटकन शिकतो: जवळ जायचं आणि चुकायचं नाही.

पुढे शाळकरी वयात कॅडेट म्हणून त्याला .४५० ची मार्टिनी रायफल मिळाली. एकेरी गोळीची, खांद्याला जबर धक्का देणारी. पहिला बिबट्या त्याने तिनेच मारला.

इथे थोडं थांबून कॅलिबर म्हणजे काय ते पाहू. ढोबळ अर्थाने नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास, इंचात. .२७५ म्हणजे साधारण ७ मिलिमीटर. .४५०/४०० हे नाव जरा फसवं आहे: .४५० चं काडतूस तोंडाशी आवळून त्यात .४०० ची गोळी बसवलेली. मग आकडा मोठा तर रायफल भारी? काही प्रमाणात हो. .२७५ ची गोळी ९ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८०० मीटरच्या वर. .४५०/४०० ची गोळी २६ ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या आसपास. हिशोब केला तर ऊर्जा पावणेदोन पट भरते, पण संवेग दुपटीहून जास्त. आणि तेवढाच संवेग उलट्या दिशेने तुमच्या खांद्यावर येतो. न्यूटनचा तिसरा नियम, अकरावीत घोकलेला. तो धक्का सोसायला रायफलही जड करावी लागते: .२७५ साडेतीन किलोच्या आसपास, तर दुनळी .४५०/४०० साडेचार-पाच किलोची.

आता पुन्हा कॉर्बेट. तरुणपणी तो रेल्वेत लागला आणि बिहारमधल्या मोकामा घाटावर गंगेपार माल उतरवण्या-चढवण्याचं कंत्राट त्याने वीसेक वर्षं सांभाळलं. शिकार हा त्याचा धंदा कधीच नव्हता. नरभक्षकाने गावं हैराण केली की सरकार त्याला बोलवायचं, आणि तो रजा काढून जायचा.

पहिली मोठी मोहीम १९०७ ची, चंपावतची वाघीण. तिच्या नावावर ४३६ माणसं. हाका घालायला तहसीलदाराने आसपासची तीनशेच्या घरात माणसं जमवली होती. कॉर्बेटकडे .५०० ची रायफल होती, म्हणजे ताकदीचा प्रश्नच नाही. काडतुसं मात्र फक्त तीन! एकदोन गोळ्यांपेक्षा जास्त संधी मिळणार नाही, एक अडीअडचणीला, असा त्याचा हिशोब. वाघीण आली, दोन गोळ्या लागल्या, तिसरीही उडाली, आणि ती अजून जिवंत. खिसा रिकामा. त्याने धावत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक हिसकावली. तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यात चांगली सेंटिमीटरभर फट होती. २० फुटांवरून त्याने वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला आणि गोळी लागली पंजाला. नशीब असं की आधीच्या गोळ्यांनी ती मरणाच्या दारात होती, तिथेच कोसळली.

आम्ही सर्व्हरची क्षमता वाढवत राहतो आणि डिस्क भरल्याने सगळं बंद पडतं, तसाच हा प्रकार. पण मला खरी हादरवणारी गोष्ट नंतरची आहे. मेलेल्या वाघिणीचा जबडा पाहिला तर उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले होते, वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. ती जुन्या गोळीची जखम होती. कॉर्बेटच्या मते त्यामुळेच तिला नेहमीची शिकार धरता येईना आणि ती माणसांकडे वळली. म्हणजे कुणीतरी कधीतरी एक गोळी झाडली होती, ती नीट लागली नाही, तो माणूस घरी निघून गेला. नंतर ४३६ माणसं मेली. सगळेच नरभक्षक असे झाले नाहीत, काहींना साळिंदराच्या काट्यांनी जायबंदी केलं होतं. पण धोकादायक जनावरासाठी कॅलिबर निवडताना ते मरेल का एवढंच बघून भागत नाही. अर्धमेलं होऊन निसटणार तर नाही ना, हेही बघावं लागतं.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्याला एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, .२७५ ची. पाच काडतुसांची, बोल्ट मागेपुढे करून गोळी भरायची, जर्मन माउझरच्या यंत्रणेवर बांधलेली. कागदावर बघितली तर वाघासाठी ती हलकीच. गंमत म्हणजे हेच काडतूस वापरून आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल नावाच्या स्कॉटिश माणसाने शेकडो हत्ती मारले. तो कठीण कवचाची लांबट गोळी वापरायचा. अशी गोळी पसरत नाही, सरळ खोल जाते. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे आहे हे बेलला पाठ होतं. ते माहीत नसलेल्याने त्याचं अनुकरण करणं म्हणजे हत्तीला चिडवणं.

वाघाची कातडी हत्तीसारखी जाड नसते. तो आडवा उभा असेल, वेळ असेल, तर .२७५ ची पसरणारी गोळी फुफ्फुस-हृदयाला पुरेशी आहे. तोच समोरून झेपावत आला तर मधे हाडं आणि स्नायू, हातात एखादा सेकंद. तिथे जड गोळी हवी. दुनळीचा फायदाही तिथेच: दुसऱ्या बारासाठी बोल्ट ओढायचा नाही, फक्त दुसरा चाप. म्हणून कॉर्बेटने पुढे जेफ्रीची .४५०/४०० दुनळीही बाळगली. एकच रायफल सगळ्याला पुरते असं त्याने मानलं नाही.

तरीही नियतीने दोन्हींची उलटतपासणी घेतली. ११ एप्रिल १९३०, चौगढची वाघीण, ६४ बळी. एका घळीतून उतरताना त्याला रातव्याची दोन अंडी सापडली. पक्ष्यांच्या अंड्यांचा शौक, ती डाव्या हातात घेतली. उजव्या हातात हलकी .२७५, छातीवर तिरकी. एका मोठ्या शिळेला वळसा घालून त्याने मागे पाहिलं तर ८ फुटांवर वाघीण बसलेली, डोळ्याला डोळा. रायफलचं तोंड भलतीकडे. झटक्यात वळला असता तर तिने झेप घेतली असती. त्याने एका हाताने, काटा सरकावा तशी, रायफल जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवली आणि चाप ओढला. एकच गोळी. नंतर त्याचं म्हणणं असं की हलकी रायफल आणि हातातली अंडी या दोन्ही अडचणी वाटतात, पण त्यांनीच वाचवलं. दुसरा हात मोकळा असता तर तो झटकन वळला असता, आणि जड रायफल एका हाताने अशी फिरलीच नसती. अंडी त्याने परत जागेवर नेऊन ठेवली.

याच्या उलट १९३८ चं ठाक. वय ६३. काळोख पडताना वाघिणीला तिच्या नराच्या आवाजात हाक मारून त्याने जवळ आणलं. हातात .४५०/४००, पायाखाली खडकाची बोटभर जागा. बार झाला, वाघीण मेली आणि धक्क्याने कॉर्बेट खाली बसलेल्या स्वतःच्याच माणसांच्या अंगावर जाऊन पडला. जमिनीवर पाय रोवून उभ्या माणसाला तो धक्का सहज झेपला असता.

आणि रुद्रप्रयाग राहिलंच. १९२६, सव्वाशे माणसं खाल्लेला बिबट्या, गुलाबराईच्या आंब्यावरच्या रात्री. अंधारात कॅलिबर कुठलंही असो, नेमच दिसत नाही. रायफलला इलेक्ट्रिक टॉर्च बांधलेला. बकरीची घंटा वाजली, त्याने बटण दाबलं, नेम थेट खांद्यावर होता, चाप ओढला, आणि टॉर्च विझला तो कायमचाच. बॅटरी एक क्षण आधी गेली असती तर?

ठाकनंतर त्याने नरभक्षकांचा पाठलाग सोडला. तोवर हातात १६ मिलिमीटरचा मूव्ही कॅमेरा आलाच होता. तिथे प्रश्न वेगळा: कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ सावध व्हायचे. उपाय म्हणून त्याने ओढ्यात छोटे बांध घालून पाणी खळखळतं ठेवलं, म्हणजे यंत्राचा आवाज त्यात बुडावा. १९३६ मध्ये झालेल्या हेली नॅशनल पार्कच्या उभारणीत त्याचा हात होता. १९५७ मध्ये त्या उद्यानाला त्याचं नाव मिळालं. ते पाहायला तो नव्हता. १९४७ मध्ये तो बहीण मॅगीसोबत केनियात न्येरीला गेला आणि १९ एप्रिल १९५५ ला तिथेच वारला.

ती .२७५ रायफल २०१५ मध्ये रिग्बी कंपनीनेच परत मिळवली, आणि पुढच्या वर्षी ती थोड्या दिवसांसाठी भारतात आणली होती. दस्त्यावरची छोटी चांदीची पाटी अजून तशीच आहे, चंपावतच्या वाघिणीसाठी दिली असं त्यावर कोरलंय.