शरणपूरचा याकोब वेनराइट

नाशिक शहरात शरणपूर या नावाचा रस्ता आजही आहे. त्यावरून जाणाऱ्या पुष्कळांस हे नाव कोठून आले हे ठाऊक नसते. जुन्या करारातील शरणपुरे वाचकांस माहीतच आहेत. जिवाच्या भयाने पळालेल्या माणसास तेथे आश्रय मिळे. गेल्या शतकाच्याही आधी, १८५४ च्या सुमारास, चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ ख्रिस्ती लोकांची वसाहत स्थापिली व तिला हेच नाव दिले. पुढे आफ्रिकेतून आलेल्या अनाथ मुलांनी ते नाव खरे केले. त्या मुलांपैकी याकोब वेनराइट याचे चरित्र येथे देत आहो.

याकोब हा पूर्व आफ्रिकेतील याओ लोकांपैकी होता. लहानपणीच तो गुलामांचा व्यापार करणाऱ्यांच्या हाती सापडला. त्या काळी आफ्रिकेच्या आतील गावे लुटून माणसे धरीत, त्यांच्या मानेत लाकडी बेळे अडकवून त्यांस समुद्रकिनाऱ्यापर्यंत चालवीत, आणि झांजिबारच्या बाजारात गुरांप्रमाणे विकीत. माणसाची गणना मालात होत असे.

याविरुद्ध कायदा नव्हता असे नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटाने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला व १८३३ मध्ये आपल्या पुष्कळशा वसाहतींतील गुलामगिरी मोडण्याचा कायदा केला. परंतु कंपनीचा हिंदुस्थानातील मुलूख त्यातून वगळला होता. येथे १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील धन्याचा हक्क कोणत्याही न्यायालयाने मानू नये असे ठरले, आणि १८६० च्या पिनल कोडाने माणूस विकणे व विकत घेणे हा गुन्हा झाला. झांजिबारच्या सुलतानाशी १८४५ मध्ये तह झाला होता खरा, पण त्यात एक मोठी फट होती. सुलतानाच्या आफ्रिकेतील राज्यात एका बंदरातून दुसऱ्या बंदरात गुलाम नेण्यास मोकळीक होती. त्या फटीतून दरसाल हजारो माणसे जात राहिली.

इंग्रजी आरमार समुद्रावर गस्त घाली. गुलामांनी भरलेले गलबत सापडले की ते न्यायालयापुढे आणावे लागे. व्यापार शाबीत झाला म्हणजे गलबत जप्त होई व त्यातील माणसे मुक्त ठरत. याकोब असाच एका गलबतातून सुटला. मुक्त झालेल्या पोराला घर नव्हते, गाव नव्हते, आणि आईबापांचा ठाव नव्हता. कायद्याने बेडी काढिली, पण भाकर व छप्पर देणे हे कायद्याचे काम नव्हते. ते काम शरणपुराने केले. तेथे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली अशी मुले लिहावाचावयास शिकत; सुतारकाम व लोहारकामही शिकत. याकोबाचा बाप्तिस्मा तेथेच झाला.

डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये मुंबईहून आफ्रिकेस निघाले तेव्हा शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर गेले होते. सहा वर्षांनी, १८७२ मध्ये, डॉक्टरांच्या मदतीकरिता आणखी माणसे पाठविण्यात आली, त्यांत याकोब होता. ज्या देशातून त्यास धरून नेले होते, त्याच देशात तो आपल्या मर्जीने परत शिरला. वाटेत गुलाम धरणाऱ्यांच्या टोळ्या होत्या, आणि रानात न्यायालयाचा निकाल दाखवून कोणी सुटत नसे.

डॉक्टर लिव्हिंग्स्टन १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबो नामक मुखियाच्या गावी मरण पावले. ते ठिकाण आजच्या झांबिया देशात आहे. सेवकांनी पाहिले तो ते बिछान्यापाशी गुडघे टेकलेले असे आढळले. सुमारे साठ माणसे तेथे होती. प्रेत तेथेच पुरून आपापल्या वाटेस लागावे, तर त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु सूसी व चूमा या दोघा पुढाऱ्यांनी आणि इतरांनी ते स्वदेशी पोहोचविण्याचा निश्चय केला.

डॉक्टरांच्या पेट्या सर्वांसमक्ष उघडण्यात आल्या, आणि त्यांतील प्रत्येक वस्तूची यादी याकोबाने आपल्या हाताने लिहिली. ज्याची स्वतःची गणना एके काळी मालात झाली होती, तोच आता विश्वासाने दुसऱ्याच्या मालाची मोजदाद करीत होता. हृदय एका झाडाखाली पुरले, तेव्हा प्रेतसंस्काराची उपासना त्यानेच वाचिली व झाडाच्या खोडावर लेख कोरिला. मग देह मीठ लावून उन्हात वाळविला, कापडात व सालीत गुंडाळिला, आणि वाट सुरू झाली. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाचा देह त्याच्या पुत्रांनी मिसरातून कनानास नेला होता; येथे याकोब नावाचा मनुष्य दुसऱ्याचा देह नेणाऱ्यांत होता.

ही वाट नऊ महिने चालली. कित्येक आजारी पडले, काही मेले. उन्यान्येम्बे येथे भेटलेल्या कॅमेरन नामक इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरावा असा सल्ला दिला. तो त्यांनी मानिला नाही. पुढे लोक प्रेत आपल्या मुलुखातून जाऊ देईनात, तेव्हा त्यांनी एक खोटे गाठोडे परत पाठविले व खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे नेला. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयो बंदरास पोहोचले.

इतक्यात किनाऱ्यावर मोठा पालट झाला होता. न्यांग्वे येथे १८७१ मध्ये बाजारास आलेल्या लोकांची कत्तल डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिली होती. ती हकीकत त्यांच्या पत्रांतून इंग्लंडात पोहोचली व लोकमत खवळले. तेव्हा सर बार्टल फ्रीअर यांस झांजिबारास पाठविण्यात आले. हे पूर्वी साताऱ्यास रेसिडेंट व पुढे मुंबईचे गव्हर्नर होते. सुलतान बरगश प्रथम मानीना. शेवटी बंदराची नाकेबंदी होईल अशा धाकाने त्याने ५ जून १८७३ रोजी तहावर सही केली. जुनी फट बुजली व झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. डॉक्टर मरून तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते.

देहाबरोबर याकोब इंग्लंडास गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत तो होता. नंतर तो आफ्रिकेस परतला. मोंबासाजवळ प्राइससाहेबांनी मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसविले होते. तेथे व पुढे इतर मिशनांत त्याने काम केले. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. १८९२ मध्ये उरांबो येथे तो मरण पावला. त्याची रोजनिशी मात्र आजही जतन केलेली आहे. झांजिबारात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली ती त्याच्यानंतर पाच वर्षांनी, १८९७ मध्ये.

बंधुभगिनींनो, या चरित्रातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कायदा दार उघडतो. पण आत कोंडलेल्या माणसास दार उघडले आहे हे कोणीतरी सांगावे लागते, आणि बाहेर आल्यावर उभे राहण्यास जागा द्यावी लागते. आपल्या देशात वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. तरी उचल घेऊन ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबास आपण कोणत्या कागदावर अंगठा उठविला हे पुष्कळदा ठाऊक नसते. ज्यास वाचता येते त्याने शेजाऱ्याचा कागद वाचून दाखवावा, आणि त्याचा हिशोब नीट लिहून द्यावा. याकोबाने शरणपुरात शिकलेल्या अक्षरांचा असाच उपयोग केला.