शेक्सपिअरची घरखरेदी

स्मरणिका समितीने माझ्याकडे घर घेताना घ्यायची काळजी हा विषय सोपवला. बँकेच्या गृहकर्ज विभागात २७ वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे कागद तपासले, म्हणून असेल. पण सूचनांची यादी छापली की मंडळी पान उलटून मुलांच्या चित्रांकडे जातात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा यादी नको. चारशे वर्षांपूर्वीच्या एका गिऱ्हाइकाची फाईल उघडतो: विल्यम शेक्सपिअर, राहणार स्ट्रॅटफर्ड, इंग्लंड.

आगरकरांनी त्याच्या हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. नाटककार म्हणून त्याच्याबद्दल मी काय बोलणार? पण माझ्यासारख्या कारकुनाला भावणारी गोष्ट वेगळीच आहे. या माणसाने लिहिलेलं एकही पत्र आज उरलेलं नाही. त्याच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या सह्या फक्त सहा. त्यातल्या तीन मृत्युपत्रावर, एक कोर्टातल्या जबाबावर आणि उरलेल्या दोन एका घराच्या कागदांवर आहेत.

त्याचा जन्म १५६४ चा. वडील जॉन हातमोजे शिवून विकायचे, गावात मानाची पदं भूषवलेला माणूस. पुढे धंदा बसला. १५७८ मध्ये त्यांनी बायकोला माहेरून मिळालेलं विल्मकोटचं घर आणि ५६ एकर जमीन ४० पौंडांना गहाण टाकली. तीही कोणाकडे, तर साडूकडे! म्हणजे विल्यमच्या काकांकडे. घरातलाच माणूस, काळजी कसली? १५८० मध्ये मुदतीच्या दिवशी जॉन पैसे घेऊन गेले, असं त्यांचं म्हणणं. काका म्हणाले, आधीची इतर देणीही फेडा, मग गहाण सोडतो. दिवस टळला, तो कायमचा. काका वारले, त्यांच्या मुलाने ताबा धरून ठेवला. १५८८ मध्ये दावा झाला, त्यात विल्यमचंही नाव होतं. १५९७ मध्ये पुन्हा दावा. आईची जमीन काही परत आली नाही. नात्यातला व्यवहार आहे, लिखापढी कशाला, असं म्हणणारी किती कुटुंबं माझ्या टेबलापुढे बसून गेली असतील, त्याची मोजदाद नाही. मी प्रत्येकाला एवढंच सांगे, की पैसे दिल्याची पावती आणि बोजा उतरल्याची नोंद त्याच आठवड्यात हातात घ्या.

गहाण पडलं तेव्हा हा मुलगा १४ वर्षांचा होता. त्याच्या मनात काय आलं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण पुढची सगळी खरेदी पाहिली की वाटतं, पोराने ते नीट पाहिलं होतं.

लंडनला गेल्यावर तो बरीच वर्षं भाड्यानेच राहिला. पहिलं मोठं घर घेतलं ते गावी, ४ मे १५९७ ला. न्यू प्लेस नावाचा हा वाडा गावातला दुसऱ्या नंबरचा मोठा. दस्तात किंमत ६० पौंड. आणि पाहा, दोन महिन्यांत विकणारा मेला. त्याच्याच थोरल्या मुलाने विष घातलं होतं. मुलाला फाशी झाली, मालमत्ता सरकारजमा. धाकटा मुलगा १६०२ मध्ये सज्ञान झाला, तेव्हा शेक्सपिअरने पुन्हा फी भरून त्याच्याकडून खरेदी पक्की करून घेतली. पाच वर्षं त्या घरात त्याचाच संसार होता, कोणी उठवायला आलं नव्हतं. तरी त्याने ते काम केलं. वारसांच्या सह्या राहून गेलेले दस्त मी पाहिले आहेत. विकणारा गेल्यावर अमेरिकेतल्या पुतण्यांना शोधत बसावं लागतं.

आता मुद्द्याची गोष्ट. शेक्सपिअरची मंडळी ज्या नाट्यगृहात खेळ करत, ते जेम्स बरबेज यांनी १५७६ मध्ये शोरडिच भागात बांधलं होतं. इमारत बरबेजची, जमीन जाइल्स ॲलन नावाच्या मालकाची, २१ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. पट्टा १५९७ मध्ये संपला. मालक नव्याने करून देईना. इमारत उभी, प्रेक्षक तयार, आणि दाराला कुलूप! बरबेजच्या मुलांनी जुना करार काढून वाचला. त्यात बांधकाम काढून नेण्याची मुभा होती. १५९८ च्या डिसेंबरात, नाताळच्या दिवसांत, सुतार लावून त्यांनी अख्खं नाट्यगृह सुटं केलं आणि त्याच लाकडातून १५९९ मध्ये थेम्सच्या पलीकडे ग्लोब उभं राहिलं. ॲलनने दावा लावला, तो भाग वेगळा.

त्यांचं लाकडाचं होतं म्हणून निभावलं. आपलं काँक्रीटचं आहे. आपण २५ वर्षं मेंटेनन्स भरतो, गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनदा केलं, लिफ्ट बदलली. प्रॉपर्टी कार्डावर मात्र अजून मूळ जमीनमालकाचंच नाव आहे. करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने अभिहस्तांतरण करून द्यायचं, असं मोफाचे नियम सांगतात. आपल्याला ते मिळालेलं नाही. वार्षिक सभेत दरवेळी कोणीतरी म्हणतं, इतकी वर्षं काही अडलं नाही, आता काय घाई? अडतं ते पुनर्विकासाच्या दिवशी. मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, त्यासाठी बिल्डरची सही लागत नाही. पण सभासदांचे नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टू लागतात. ४८ पैकी ११ फ्लॅटच्या झेरॉक्स अजून ऑफिसात आलेल्या नाहीत. नावं छापत नाही.

ग्लोबची मालकी मोठी मजेशीर होती. अर्धा पट्टा बरबेज बंधूंचा, अर्धा पाच नटांचा. शेक्सपिअरचा वाटा सुरुवातीला एकदशांश. भागधारक स्वतःच वापरणारे, म्हणजे जवळजवळ आपल्यासारखीच सोसायटी. १६१३ मध्ये खेळात तोफ उडवली आणि गवती छपराला आग लागून सगळं जळालं. पुन्हा बांधताना छप्पर कौलारू केलं. (आपल्या जिन्यातल्या अग्निशामक नळकांड्यांवरची तारीख एकदा वाचा, बरं का.)

त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्स भागात देवडीवरचं घर घेतलं, १४० पौंडांना. दुसऱ्याच दिवशी ६० पौंडांचं गहाणखत. वरच्या दोन सह्या त्या या. खरेदीत नावापुरते तीन विश्वस्त जोडले होते, त्याचा परिणाम असा की त्या घरावर बायकोचा विधवा म्हणून हक्क लागला नसता. हे मला पटलेलं नाही. आमच्या शाखेत नवरा-बायको दोघांची नावं घाला म्हणून मी भांडत असे.

त्या आवारातल्या मिळकतींचे जुने मूळ दस्त एका तिसऱ्याच्या ताब्यात होते. १६१५ मध्ये शेक्सपिअर आणि तिथल्या इतर मालकांनी मिळून कोर्टात अर्ज केला, आणि कोर्टाने दस्त हजर करण्याचा हुकूम दिला. त्याचं वय तेव्हा ५१, नाटकं लिहिणं संपलेलं, वर्षभरात तो गेलाही. तरी शेजाऱ्यांबरोबर कागदांच्या मागे लागला होता.

राजा लिअरला त्याने हयातीत सगळं वाटून टाकायला लावलं आणि त्याचे हाल दाखवले. स्वतःचं राहतं घर मात्र शेवटपर्यंत नावावर ठेवलं; थोरली मुलगी सुझानाला ते मिळालं मृत्युपत्राने. नॉमिनेशन केलंय, मग झालं, असं समजणाऱ्या सभासदांनी इथे थांबावं. नॉमिनी हा सोसायटीने कोणाशी बोलायचं ते ठरवतो. मालक कोण, ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो.

२३ एप्रिल १६१६ ला तो वारला. १६७० मध्ये नात गेली आणि वंश संपला. वाडा १७०२ च्या सुमारास नव्याने बांधला गेला. तोही पुढे फ्रान्सिस गॅस्ट्रेल नावाच्या पाद्रीबुवांच्या हाती आला. शेक्सपिअरची जागा बघायला येणाऱ्यांना वैतागून त्यांनी आधी तुतीचं झाड तोडलं, मग कराच्या भांडणात १७५९ मध्ये अख्खं घरच पाडलं. आज तिथे बाग आहे.