डॉ. भाऊ दाजी लाड आणि लोकवर्गणीचा अजबखाना

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून वाकाटकांचा अभ्यास करीत असता डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव माझ्यासमोर प्रथम आले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वाकाटकांचा शिलालेख वाचण्याचा प्रयत्न त्यांनी १८६३ च्या सुमारास केला होता. ज्या घराण्याची नावे ते झिजलेल्या अक्षरांतून शोधीत होते, त्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम होय. हा थोर वैद्य, संशोधक व लोकसेवक पैशाच्या बाबतीत मात्र कोणत्या दिव्यातून गेला, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून त्यांच्या चरित्राची ती बाजू येथे मांडावीशी वाटते.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यातील, घरची गरिबी. बुद्धिबळातील त्यांची चलाखी पाहून, या मुलाला इंग्रजी शिकवावे, असा सल्ला वडिलांना मिळाला. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून ते तेथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातील बालहत्येवर निबंध लिहून त्यांनी ६०० रुपयांचे बक्षीस मिळविले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली ते डॉक्टर झाले. धनिकांकडून मिळालेला पैसा ते गरिबांच्या मोफत दवाखान्यात, जुन्या पोथ्यांत व नाण्यांत खर्च करीत. भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानाला शिलालेखांचे ठसे घेण्यासाठी त्यांनी पदरच्या पैशाने देशभर पाठविले.

मुंबईत सरकारी वस्तुसंग्रह होता, पण १८५७ च्या धामधुमीत लष्कराला बराकीची जागा हवी झाली आणि त्याची वाताहत झाली. मग १८५८ च्या डिसेंबरात जाहीर सभा भरून राणीच्या नावाने नवे संग्रहालय व बाग उभारण्याचे ठरले. नाना शंकरशेट, डेव्हिड ससून प्रभृती मंडळी पुढे आली. बर्डवूड साहेबांच्या बरोबरीने भाऊंनी समितीच्या चिटणिसाचे काम अंगावर घेतले. गव्हर्नर फ्रियर यांच्या हस्ते १८६२ साली कोनशिला बसली.

त्या सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या वऱ्हाडचा कापूसही त्या तेजीत होताच. मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नव्या बँका व कंपन्या निघत होत्या आणि त्यांच्या शेअरांसाठी झुंबड उडत होती. वर्गणीचे आकडे घालताना कोणाचा हात आखडत नव्हता. पण १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि जुलै महिन्यात कालचे लक्षाधीश दिवाळखोर ठरले. वर्गणीचा ओघ आटला, संग्रहालयाचे बांधकाम थांबले. खुद्द भाऊंचीही बरीचशी मिळकत या शेअरांच्या वावटळीत गेली.

एखादा खचून घरी बसला असता. भाऊंनी दवाखाना सोडला नाही आणि संशोधनही सोडले नाही. अखेर सरकारने हात दिला, इमारत पुरी झाली आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांस खुले झाले. एकूण खर्च सुमारे ४,३०,००० रुपये आला. दोनच वर्षांनी, ३१ मे १८७४ रोजी, पन्नाशीच्या सुमारास भाऊ निवर्तले. त्यांनी जमविलेल्या संस्कृत पोथ्या पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. ती खरी त्यांची शिल्लक म्हणावयाची.

पुढे संग्रहालयाचा भार मुंबई महापालिकेवर आला. १९७५ साली त्याला भाऊंचे नाव देण्यात आले. तरी केवळ नावाने छप्पर गळावयाचे थांबत नाही. जीर्णावस्थेतील या वास्तूसाठी २००३ साली महापालिका, इन्टॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी करार केला. डागडुजी होऊन २००८ साली दारे पुन्हा उघडली.

या चरित्रातून मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. कोनशिलेच्या दिवशी देणगी देणारे पुष्कळ असतात, दरसालचा झाडूवाला, पहारेकरी व वाळवी यांचा खर्च मात्र कोणाच्याच ध्यानात राहत नाही. वर्गणी तेजीबरोबर येते व मंदीबरोबर जाते, म्हणून नेमाचे सरकारी अनुदान हवे. पण अनुदान असूनही भाऊंसारखा झिजणारा माणूस नसेल तर संग्रहालय म्हणजे नुसते कोठार.

वाशीम येथे १९३९ साली दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचे कोडे त्यामुळे उलगडले आणि महामहोपाध्याय मिराशींनी अजिंठ्याच्या त्याच लेखाचे वाचन पुढे नेले. म्हणजे भाऊंच्या अपुऱ्या वाचनाला उत्तर आपल्या मातीने दिले. अशी आणखी उत्तरे आपल्या शेतांत व घरांच्या पायांत असतील. ती सापडतील तेव्हा जपण्याची सोय आणि त्या सोयीचा दरसालचा खर्च, या दोहोंचा विचार आपण विद्यार्थ्यांनी आतापासून करावयास हवा.