डार्विनचं शेवटचं पुस्तक माकडांवर नाही, गांडुळांवर होतं!

पावसाळ्यात मूलकडच्या धानाच्या बांधीत धुऱ्यावर मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसतात. ती गांडुळांची विष्ठा. इंग्लंडमधले असेच ढीग समजून घ्यायला चार्ल्स डार्विनने चाळीसहून जास्त वर्षं दिली, हे तुम्हाला माहितीये का?

१८०९ मध्ये जन्मलेला डार्विन १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाजाने जगाची सफर करून परतला. १८३७ मध्ये मामांनी त्याला आपलं कुरण दाखवलं. वर्षांपूर्वी टाकलेला चुना आता मातीखाली गेला होता. हे गांडुळांचं काम असावं, असं मामांना वाटत होतं. डार्विनने त्याच वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत यावर निबंध मांडला.

१८४२ मध्ये त्याने घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि वाट पाहिली. इवलासा जीव एवढं काम कसं करेल, अशी टीका १८६९ मध्ये झाली. १८७१ मध्ये, म्हणजे २९ वर्षांनी, त्याने तिथे चर खणला. खडू सात इंच खाली होता!

घरातही त्याने कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली. त्यांना पियानोचा आवाज ऐकू येत नव्हता. पण कुंडी पियानोवर ठेवली, की हादऱ्याने ती बिळात शिरायची.

१८८१ मध्ये पुस्तक आलं. गांडुळं पानं बिळात ओढतात, माती गिळून वर आणतात. इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त! त्यांच्या बिळांमुळे मुळांना हवा-पाणी मिळतं. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन गेला. धुऱ्यावरची नांगरणी मात्र आजही सुरूच आहे.